मदत हवी आहे: बायकर थीमच्या पार्टीत खायला काय ठेवू?

मंडळी, भावाच्या चाळिशीसाठी बायकर थीम ठरली आहे. सजावट, गाणी सगळं जमलंय, घोडं अडलंय ते खाण्यापाशी.

सगळे उभ्या-उभ्या खाणार, त्यामुळे काटा-चमचा लागेल असं काही नको. छोटे बर्गर आणि ग्रिल केलेले चिकन विंग्ज नक्की आहेत. पण विंग्जना सॉस माखला की बोटं बरबटतात, आणि निम्मे पाहुणे लेदर जॅकेटमध्ये येणार! लेदरवरचा तेलकट डाग सहज निघत नाही. मग कोरडा मसाला चोळूनच भाजू आणि सॉस बाजूला वाटीत देऊ का?

टायर म्हणून कांद्याच्या रिंग एकावर एक रचायचा विचार होता. गरम असताना रचल्या की आतल्या वाफेने मऊ पडतात. कुरकुरीत राहतील अशी काही युक्ती? नाहीतर चॉकलेटचे डोनट टायर म्हणून खपवते. मोटरसायकलच्या आकाराचा केक मात्र नको, दिसतो भारी, पण कापताना पार वाट लागते.

शाकाहारींसाठी राजम्याची पॅटी कशी वाटते? ग्रिलवर फुटते म्हणतात.

पार्टी उशिरापर्यंत चालेल. शिजवलेलं चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, म्हणून दोन खेपांत भाजावं म्हणते. कोणी असं केलंय का?

आणि हो, बरेचजण गाडी चालवत परतणार, तेव्हा दारू अजिबात नाही. बिनदारूचं पण जरा रांगडं वाटेल असं पेय सुचवा.