सायबरबुलिंगवरचं संशोधन: नुसती टक्केवारी, की हाताला काही लागतंय?

कृष्णाकाठ (सांगली):
परवा आमच्या कॉलेजात चर्चासत्र झालं. सायबरबुलिंगवर, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरनं होणाऱ्या छळावर, चार निबंध, चारही एकाच साच्यातले. गूगल फॉर्म, शंभर विद्यार्थी, मुलगे-मुलींतला फरक, शेवटी 'जनजागृती व्हावी'. चहा मात्र चांगला होता. २०१४ साली मानसशास्त्रज्ञ रॉबिन कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तर त्रास सोसणाऱ्यांचं प्रमाण कुठं १० टक्के, कुठं ४०! मग मोजतोय काय आपण? शाळेतल्या दांडगाईच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस २०१२ मध्ये लिहून गेले की सायबरबुलिंगचा बाऊ फार झालाय. ऑनलाइन छळली जाणारी बहुतेक मुलं शाळेतही छळली जातातच. मला पटतं.

अजिंक्यतारा_पीएचडी (सातारा):
सर, आकडे व्याख्येमुळं हलतात. 'गेल्या महिन्यात' विचारा की 'कधीतरी' विचारा, उत्तर बदलणारच. दांडगाई कशाला म्हणायचं ह्याच्या ओल्वेयसांच्याच तीन अटी घ्या: हेतू, पुन्हा पुन्हा होणं, बळाची तफावत. मोबाइलवर 'पुन्हा पुन्हा' कसं धरायचं? एकानं एका पोरीचा फोटो एकदाच टाकला, दीडशे जणांनी पुढं ढकलला. टाकणारा म्हणतो, मी एकदाच केलं. पोरीला ते दीडशे वेळा झालं. हा वाद सोडवायचाय म्हणून तर संशोधन चाललंय.

कृष्णाकाठ:
मान्य, पण तो दीडशे जणांचा प्रश्न ह्या फॉर्मात कुठंय? परदेशी प्रश्नावलीचं शब्दशः मराठी: 'आपणांस ऑनलाइन धमकावले गेले आहे काय?' आमची पोरं 'नाही'च म्हणणार. 'ग्रुपवर तुझी कुणी लाज काढली का?' असं विचारून बघा.

मिरजेचा_कोडर:
आता सगळा ओढा असा छळ मशीनकडनं ओळखून घेण्याकडं आहे. २०११ मध्ये यूट्यूबच्या कमेंटवर प्रयोग झाले. मराठीतही २०२२ साली मशीनला द्वेषाची भाषा ओळखायला शिकवण्यासाठी २५ हजारांहून जास्त ट्वीटांचा 'महाहेट' संच आला. काम चांगलं आहे, पण आपली शाळकरी पोरं ट्विटरवर असतात का? ती बंद ग्रुपमध्ये. आणि 'काय रं येड्या' ही शिवी का लाड, हे कोण कुणाला म्हणतंय त्यावर ठरतं. मशीनला ते नुसत्या शब्दांवरनं कसं कळणार?

कराडची_आई:
व्याख्या राहू द्या जरा. माझ्या लेकीच्या फोटोचा स्टिकर केला वर्गातल्यांनी. नववीत होती. महिनाभर आम्हांला पत्ता नाही, कारण सांगितलं तर मोबाइल जाईल ही भीती. शेवटी कळलं तेव्हा शाळेतनं सल्ला आला, मोबाइल काढून घ्या! असा फॉर्म बाईंनी वर्गात बसवून भरून घेतला असता, तर तिनंही 'नाही'वरच टिक केलं असतं.

अजिंक्यतारा_पीएचडी:
ताई, म्हणूनच माहिती नाव न घेता आणि शिक्षक वर्गात नसताना घ्यावी लागते. आणि सर, हाताला लागलंय की. फिनलंडमध्ये टुर्कू विद्यापीठाचा 'किवा' कार्यक्रम बघ्यांवर काम करतो, म्हणजे हसणाऱ्या, गप्प बसणाऱ्या पोरांवर. तिथं त्रास कमी झालेला मोजून दाखवलाय.

कृष्णाकाठ:
फिनलंडच्या वर्गात पोरं किती, आमच्या वर्गात किती! बरं, पुढच्या खेपेला बी.एड.चं कुणी प्रश्नावली घेऊन आलं, तर 'तू पुढं ढकललंस का?' हा प्रश्न घालायला लावतो. पण उत्तरं खोटी येणार, ह्यावर मी ठाम आहे.