ठाणे महापालिकेचे 'करवाढ नाही' अंदाजपत्रक: दिलासा की उधारी?

हिशेबनीस

ठाणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ५,६४५ कोटींचे होते आणि बातमीचा मथळा नेहमीचाच होता: कोणतीही करवाढ नाही. माझे म्हणणे जरा कडू लागेल. जुन्या इमारतींची फेरआकारणी करा, म्हणजे ज्या मूल्यावर कर लागतो ते नव्याने ठरवा, आणि मग मालमत्ता कर दरवर्षी थोडा थोडा वाढवा.

महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. खर्च बसत नसेल तर एक तर तो कापायचा, नाहीतर जमेचा आकडा फुगवायचा. दुसरे केव्हाही सोपे. आयुक्त एक आकडा मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते, महासभा आणखी चढवते. जमेकडे शहर विकास विभागाचे शुल्क (बांधकाम परवानग्यांतून येणारे) वाढवून दाखवले की खर्चाकडे प्रभागातल्या गटार-पायवाटांना तरतूद निघते. तरतूद आहे म्हणून निविदा, निविदा झाली म्हणून कार्यादेश. पैसा येतच नाही. मार्चअखेर ठेकेदाराचे देयक पुढच्या वर्षावर ढकलले जाते, त्याला दायित्व म्हणतात, आणि नव्या अंदाजपत्रकातला पहिला घास तेच खाते. ठेकेदारही खुळा नसतो. देयक वर्ष-दोन वर्षांनी निघणार हे धरूनच तो निविदेत दर भरतो. म्हणजे न केलेली करवाढ आपण डांबराच्या आणि काँक्रीटच्या दरातून भरतोच.

अंदाजपत्रकाचे पुस्तक मिळाले तर एकूण बेरीज सोडा, एखाद्या लेखाशीर्षासमोरचे (जमेच्या किंवा खर्चाच्या एका ओळीसमोरचे) रकाने बघा: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढचा अंदाज. शहर विकासाच्या ओळीत 'प्रत्यक्ष' आणि 'पुढचा अंदाज' यांत मोठी दरी दिसली की तेवढ्या रकमेची कामे हवेत आहेत असे समजा.

कोलशेत_रोड

हिशेबनीस साहेब, रोग बरोबर सांगितलात, औषध चुकीचे. कर वाढवला की तो कोण भरणार? जो आजही १५ जूनच्या आत दोन्ही सहामाहींचे एकदम भरून सर्वसाधारण करातली १० टक्के सवलत घेतो, तोच. बुडवणाऱ्याला ५ टक्के वाढवा नाहीतर ५०, त्याला काय फरक पडतो?

आधी थकबाकी वसूल करा. शास्ती (थकबाकीवरचा दंड) दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत अभय योजना आणून तीच शास्ती माफ करायची. पाणीपट्टीतही तेच. वेळेवर भरणाऱ्याला १० टक्के आणि चार वर्षे थांबलेल्याला सगळी शास्ती माफ, तर शहाणा कोण ठरला?

दिव्याखाली

+१. दिवा भागात करवाढीची भाषा करायच्या आधी नळाला पाणी आणा.

हिशेबनीस

@कोलशेत_रोड, अभय योजनेवर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण 'थकबाकी वसूल करा' हे बोलायला सोपे आहे. त्या आकड्याच्या पोटात काय काय असते ते पाहा. पाडलेल्या इमारतींच्या न वगळलेल्या नोंदी. एकाच घराचे दोन मालमत्ता क्रमांक. न्यायालयात अडकलेली प्रकरणे. केंद्र सरकारच्या मालमत्ता, ज्यांच्याकडून कर घेता येत नाही, फक्त सेवा शुल्क मिळते. आणि मोठा फुगवटा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामांवर लावलेली कराच्या दुप्पट शास्ती. मुंब्रा, दिवा, कळव्यातल्या ज्या चाळीतला माणूस मूळ कर कसाबसा भरेल, त्याच्या नावावर ही शास्ती वर्षानुवर्षे चढत राहिली आणि त्याने मूळ करही भरायचे सोडले. कागदावर थकबाकी प्रचंड दिसते, खरोखर येण्याजोगी रक्कम त्याचा एक तुकडा.

शिवाय थकबाकी एकदाच येते. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल दरमहा येते. एकदाच येणाऱ्या पैशावर दरमहाचा खर्च उभा करायचा नसतो. शहर विकास शुल्काबद्दलही माझा आक्षेप हाच आहे. २०२०-२१ मध्ये बांधकामे थांबली तेव्हा तो झरा कसा आटला, ते सगळ्या महापालिकांनी पाहिले.

पामबीच

नवी मुंबईकडून एक खडा. आमच्याकडे वीसेक वर्षांत मालमत्ता कराचा दर वाढलेला नाही आणि महापालिका बरी चालली आहे. तेव्हा करवाढ टाळली की दायित्व वाढतेच, हा नियम काही खरा नाही.

हिशेबनीस

पामबीच, नवी मुंबईचा दाखला नेहमी दिला जातो, पण जमिनीत फरक आहे. रस्ते, मलनिःसारण, भूखंड सिडकोने आधी आखून दिले, महापालिका त्यानंतर १९९२ मध्ये आली. पाण्याला मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे. ठाणे स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून पाणी विकत घेते. दर समोरचा ठरवतो.

आणि खरी मेख जीएसटी भरपाईत आहे. जकात, उपकर, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे सगळे गेले आणि २०१७ च्या कायद्याने महापालिकांना राज्याकडून दरमहा भरपाई मिळू लागली, २०१६-१७ चा पाया धरून दरवर्षी ८ टक्के वाढीने. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे नवी मुंबईचा उपकर मुळातच जोरात होता. पाया मोठा असेल तर ८ टक्केही मोठे. तुमचा दर वाढला नाही, कारण दुसऱ्या खिशात पैसे येत होते.

पामबीच

मान्य, पण मग प्रश्न असा की सगळा खेळ जर भरपाईचा असेल, तर ठाण्याने मालमत्ता करात ५ टक्के वाढवून काय हाती लागणार? लोक चिडणार, पैसे किरकोळ येणार. त्यापेक्षा आस्थापना खर्च (पगार, निवृत्तिवेतन) बघा. तो ३५ टक्क्यांच्या वर गेला की राज्य नवी पदे भरायला देत नाही. मग कायम माणसांऐवजी ठेक्यावर माणसे घेतात. तोच खर्च दुसऱ्या लेखाशीर्षात जातो, टक्केवारी सुंदर दिसते. कात्री तिथे लावा, परिवहन सेवेच्या अनुदानाला लावा.

तलावपाळी

परिवहनला कात्री लावा म्हणणारे बहुधा बसने जात नाहीत. तिकिटात महिलांना अर्धी सवलत द्यायचा निर्णय चांगला आहे, पण सवलतीचे पैसे परिवहनला कोणत्या शीर्षातून मिळणार ते त्याच दिवशी लिहायला हवे. ते लिहीत नाहीत. मग वर्षअखेर 'परिवहन तोट्यात' म्हणून आपणच बोंब मारतो.

कोलशेत_रोड

विषय भरकटतोय. हिशेबनीस साहेब, फेरआकारणीबद्दल तुम्ही एका वाक्यात उरकलेत. ते सविस्तर लिहा, कारण तिथे मी तुमच्या बाजूने येऊ शकतो.

हिशेबनीस

लिहितो. आकडे समजायला घेतलेले आहेत, प्रत्यक्ष दर नव्हेत.

५०० चौरस फुटांची दोन घरे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीची आकारणी कधीकाळी ३ रुपये चौरस फूट दरमहा धरून झाली. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरची १२ रुपये धरून. वार्षिक भाडेमूल्य अनुक्रमे १८,००० आणि ७२,०००. त्यातून दुरुस्तीसाठी कायद्याने १० टक्के वजा, म्हणजे करयोग्य मूल्य १६,२०० आणि ६४,८००. सर्व करांचा मिळून दर ४० टक्के धरला तर एकाला कर ६,४८०, दुसऱ्याला २५,९२०. आता ५ टक्के करवाढ करा: पहिल्याला ३२४ रुपये जास्त, दुसऱ्याला १,२९६. रस्ता, कचरागाडी, अग्निशमन दोघांना तेच. विक्रीला काढले तर नौपाड्यातले घर घोडबंदरपेक्षा स्वस्त मिळेल असे नाही.

आकारणी नोंदवही चार वर्षांतून एकदा तरी नव्याने करायची असते. प्रत्यक्षात जुनीच पुढे उतरवली जाते. म्हणून आधी मोजणी आणि मग दर, असा क्रम हवा.

कोलशेत_रोड

हेच तर! मग करवाढीला माझा विरोध आणि फेरआकारणीला पाठिंबा, असे लिहून ठेवा.

नौपाडा_जुना

लिहून ठेवताना आमचेही ऐका. ३ रुपये कुणी दयेने लावलेले नाहीत. पागडीच्या घरांचे भाडे भाडे नियंत्रण कायद्याने जवळपास गोठलेले आहे आणि करयोग्य मूल्य प्रमाण भाड्याला, म्हणजे त्याच कायद्याने ठरणाऱ्या भाड्याला, बांधलेले आहे. घरमालकाला महिना दोनशे रुपये भाडे येत असेल तर त्यावर बाजारभावाने कर कसा लावणार? लावलाच तर वाढ भाडेकरूवर येईल, आणि इथले निम्मे भाडेकरू निवृत्तिवेतनावर आहेत. लिफ्ट नाही, गाडी ठेवायला जागा नाही, स्लॅबची खपली पडते. ज्या दिवशी पुनर्विकास होईल त्या दिवशी नव्या दराने आकारणी आपोआप होणारच आहे. घाई कशाला?

हिशेबनीस

पागडीची घरे वेगळी ठेवा, वाद नाही. पण नौपाडा म्हणजे फक्त पागडी नव्हे. साठ-सत्तरच्या दशकातल्या सहकारी सोसायट्यांत मालकीची घरे आहेत आणि त्यांतली कितीतरी भाड्याने दिलेली आहेत. भाडेकरार नोंदणे बंधनकारक आहे, म्हणजे भाड्याचा आकडा दुय्यम निबंधकाकडे पडूनच आहे. मालमत्ता कराच्या यादीत तेच घर 'स्वतःच्या वापरात' म्हणून दिसते. दोन याद्या एकमेकींशी ताडून बघायला सर्वेक्षणाचा ठेकासुद्धा द्यावा लागत नाही.

तलावपाळी

त्यापेक्षा मुंबईसारखी भांडवली मूल्य पद्धत आणा, भाड्याऐवजी घराच्या किमतीवर कर, कटकट संपेल.

नौपाडा_जुना

संपेल? मुंबईत २०१० पासून ती पद्धत आहे. तिथल्या नियमांतले २०, २१ आणि २२ उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. एवढी वर्षे बिले वादात. ठाण्याला तो खर्च झेपणार आहे का?

दिव्याखाली

५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या करमाफीचे काय झाले?

हिशेबनीस

माफीत एक फसगत आहे, ती मुंबईने दाखवली. तिथे २०१९ मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला. बिलातले बाकीचे कर तसेच राहिले, लोक 'माफी कुठे आहे' विचारत राहिले. पूर्ण माफी २०२२ ला आली. आपल्या बिलातही सर्वसाधारण कराखेरीज पाणी व मलनिःसारणाचे लाभकर, वृक्ष उपकर असतात, आणि राज्याचा शिक्षण कर तर महापालिका फक्त गोळा करून देते. माफी द्यायचीच तर कोणत्या ओळीची आणि ते भरून कोण देणार, हे ठरावात लिहा. भरून न देणारी माफी शेवटी पाणी आणि कचऱ्याच्या तरतुदीतून जाते. दिव्याचे डम्पिंग (कचराभूमी) बंद झाले ते चांगलेच झाले, पण कचरा आता लांब न्यावा लागतो. डिझेल फुकट मिळत नाही.

कोलशेत_रोड

सगळे ठीक, पण हे बोलायचे कधी? मार्चमध्ये अंदाजपत्रकाच्या चर्चेत?

हिशेबनीस

मार्चमध्ये उशीर झालेला असतो. त्याच अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षीचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रक नंतर येते. पुरवणी करआकारणीची सोय कायद्यात आहे, पण वर्षाच्या मध्यात तिला हात लावायची हिंमत कोण करणार? म्हणून हरकत, निवेदन, नगरसेवकाला गाठणे, सगळे जानेवारीत. मार्च २०२२ नंतर काही वर्षे सभागृहच नव्हते. आयुक्तांनीच मांडायचे, प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचे. त्यामुळे ही सवयच मोडली.

आणि फेरआकारणीची विशेष नोटीस घरी आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला जाताना चटई क्षेत्र दाखवणारा नकाशा न्या. नोटिशीत बहुतेक वेळा क्षेत्रफळच चुकलेले असते, बाल्कनी दोनदा मोजलेली असते. निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, पण त्याआधी कराची रक्कम भरावी लागते.

कोलशेत_रोड

तरीही माझी अट कायम. नऊही प्रभाग समित्यांचा मागणी आणि वसुलीचा तक्ता, मूळ कर वेगळा आणि शास्ती वेगळी, जाहीर करा. माजिवडा-मानपाडा किती भरते आणि बाकीचे किती, हे समोर येऊ दे. तोवर एक टक्काही वाढ नको.

नौपाडा_जुना

तक्ता मागाच. त्यात 'भरलेले' बघताना किती घरांमागे भरले तेही बघा, नुसते कोटी नकोत.

तलावपाळी

माहिती अधिकारात मागता येईल. जोडपत्र 'अ' (अर्जाचा नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरच परत पाठवतात. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एका अर्जात घालू नका, दोन वेगळे अर्ज करा.