.४७० नायट्रो एक्स्प्रेस : घरी भरलेली काडतुसे आणि दुनळी रायफलचे मूळ रेग्युलेशन (दोन्ही नळ्यांचा नेम एकत्र जुळवणे)

टेक्सासवासी : नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन महायुद्धांच्या दरम्यानची, २६ इंची नळ्यांची, .४७० नायट्रो एक्स्प्रेस काडतुसाची ब्रिटिश दुनळी रायफल आहे. भरणपुस्तिकेतील दारूच्या सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करून मी ५०० ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसे भरली. ५० यार्डांवर प्रत्येक नळीचा गट (लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका) आटोपशीर येतो. मात्र उजव्या नळीचा उजवीकडे, डावीचा डावीकडे, आणि दोन्ही नेमाच्या वर. मधले अंतर पाच इंच भरते. नळ्यांच्या तोंडाशी असलेली पाचर हलवून देण्याची तयारी एका कारागिराने दाखवली आहे. तसे करावे काय?

जुना नेमबाज : पाचरीला हात लावू देऊ नका. उजवी नळी रायफलच्या गुरुत्वमध्याच्या उजवीकडे असल्यामुळे, गोळी नळीत असतानाच धक्क्याने तोंड वर आणि उजवीकडे वळू लागते. डावीचे तसेच वर, पण डावीकडे. ही वळण्याची मात्रा धरूनच कारखान्यात नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणून डाख देतात. गोळी मंद असली की ती नळीत जास्त वेळ राहते, म्हणून नेमाच्या वर आणि बाहेरच्या बाजूला लागते. आपली लक्षणे नेमकी हीच आहेत. वेग जास्त झाला तर गट खाली येतात आणि एकमेकांना ओलांडतात.

क्रोनोग्राफ लावून वेग मोजा. या काडतुसाचा छापील वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट आहे, पण आपल्या नळ्यांना नेमका तोच रुचेल असे नाही. गोळीचे वजन न बदलता, पुस्तिकेच्या कमाल मर्यादेच्या आत, मात्रा थोडी थोडी वाढवत दोन्ही गट शेजारी येतील तिथे थांबावे. एका छिद्रात दोन गोळ्या बसवण्याचा हट्ट नको. ५० यार्डांवर त्या एकत्र आल्या तर पुढे ओलांडणारच.

ग्रेनमापी : वरील उत्तराशी सहमत, फक्त एक धोका नोंदवतो. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर दारूची आणि गोळीची मात्रा कोरलेली दिसेल. तो आकडा कॉर्डाइटचा, म्हणजे त्या काळच्या धूरविरहित दारूचा असतो. आजच्या दारूला तो लावणे म्हणजे रायफल फोडून घेणे. उष्णतेत कॉर्डाइटचा दाब वाढत असे, म्हणून भारत आणि आफ्रिकेसाठी मात्रा कमी ठेवलेली काडतुसे निघत. रायफल तशा काडतुसांवर जुळवलेली असेल तर छापील वेगाच्या आधीच गट जुळतील.

शिवाय चाचणी कशी घेता? दस्ता वाळूच्या पिशवीत दाबून ठेवला तर धक्क्याचे वळण बदलते आणि मोजमाप निरुपयोगी ठरते. उभे राहून, तिकाटण्यावर पुढचा हात टेकवून, आधी उजवी आणि लगेच डावी असे बार काढा, मग नळ्या निवू द्या. दुर्बीण बसवली असल्यास आधी उतरवा. तिच्या वजनानेही गट सरकतात.

टेक्सासवासी : दुर्बीण नाही, पण पिशवी होती. आधी तिकाटण्यावरून पुन्हा पाहतो, मात्रेला नंतरच हात लावतो. कारागिराला नकार कळवला आहे.