सपाट विणताना सरळ येणारा टाका गोल विणताना पिळतो, असे का व्हावे?

प्रश्न (शाहूपुरी, सातारा)

नमस्कार. मी गेली तीसेक वर्षे हौसेने विणते आहे. आईच्या शेजारी बसून, तिच्या हाताकडे पाहत शिकले. त्यामुळे पुस्तकातली नावे मला फारशी येत नाहीत, पण हात चालतो. आजवरचे सगळे काम दोन सुयांवरचे: पाठ, पोट, बाह्या वेगवेगळ्या विणायच्या आणि शेवटी शिवायच्या. यंदा मुलगी पाचगणीला नोकरीला लागली, तिथल्या थंडीसाठी तिने पायमोजे मागितले, आणि शिवण नको म्हणून मी प्रथमच गोल सुई घेतली. लांब दोरीच्या एकाच गोल सुईवर, मधल्या दोरीचा फास बाहेर काढून मोजा विणायची रीत मी चित्रफितीवरून शिकले. ती दोन संध्याकाळी बसली.

अडचण पुढची आहे. १२ नंबरच्या सुईवर ६४ टाके घातले, दोन सुलट दोन उलट अशी पट्टी केली आणि पुढे सगळे सुलट विणत गेले. चार बोटे काम झाल्यावर पाहते, तर टाके नेहमीसारखे गव्हाच्या ओंबीसारखे दिसेनात. प्रत्येक टाक्याचे दोन पाय तळाशी कात्रीसारखे एकमेकांवर गेलेले. कापड घट्ट, ताणले तरी फारसे न वाढणारे, आणि टाक्यांच्या उभ्या रांगा हळूहळू एका बाजूला कलत चाललेल्या. मोजा टाचेवरून वर चढत नाही. नमुना सपाट विणून मोजला होता तेव्हा १० सेंटीमीटरमध्ये ३० टाके बसले होते. मोज्यावर मोजले तर ३४ भरले.

गंमत अशी की टाचेची पट्टी, जी पुढे-मागे सपाट विणायची असते, ती अगदी सुरेख आली आहे. तीच लोकर, तीच सुई, तोच हात. टाच संपवून पुन्हा गोल सुरू केले की टाके पुन्हा पिळलेले. मी नेमके काय चुकते आहे?

उत्तर १ (वाई)

ताई, गोल विणताना हात आवळतो हा अनुभव पुष्कळ जणींना येतो. मी तुमच्या जागी असते तर १२ ऐवजी ११ नंबरची, म्हणजे ३ मिलिमीटरची सुई घेऊन पाहिले असते. दोरीचा फास ओढताना पहिले दोन टाके जास्त खेचले जात नाहीत ना, तेही बघावे. तिथे बहुधा शिडीसारखी फट दिसते किंवा घट्टपणा येतो.

उत्तर २ (विश्रामबाग, सांगली)

वरच्या ताईंचा सल्ला हाताच्या ताणापुरता योग्य आहे, पण या प्रश्नाला तो लागू पडेल असे मला वाटत नाही. सुई जाड केली तर पिळलेला टाका मोठा पिळलेला दिसेल, इतकेच. प्रश्नातली टाचेची गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि उत्तर तिच्यातच आहे.

सुईवरचा टाका घोड्यावर स्वार बसावा तसा बसलेला असतो: एक पाय सुईच्या पुढे, एक मागे. बहुतेकींच्या हातचा टाका असा बसतो की उजवीकडचा, म्हणजे सुईच्या टोकाजवळचा पाय पुढच्या बाजूला असतो. सुई त्या पुढच्या पायातून घातली की टाका सरळ उघडतो. मागच्या पायातून घातली की दोन पाय एकमेकांवर चढतात आणि टाका पिळतो.

माझा अंदाज असा आहे की तुम्ही उलट टाका घेताना लोकर सुईच्या वरून फिरवून खाली आणत नाही, तर सुईच्या खालून उचलून घेता. ही रीत सोपी आहे, हात कमी हलतो आणि उलट ओळ झरझर होते. मात्र तसे केल्याने टाका सुईवर उलट्या बाजूने बसतो, म्हणजे टोकाजवळचा पाय मागे जातो. पुढच्या सुलट ओळीत तुमच्या आईने शिकवल्याप्रमाणे तुम्ही सुई मागच्या पायातून घालत असणार, आणि त्या टाक्यासाठी तेच बरोबर आहे. एक ओळ टाका उलटा बसवते, दुसरी त्याला सरळ करते. सपाट कामात हिशेब पूर्ण जुळतो. म्हणून तीस वर्षे काही बिघडले नाही, आणि म्हणूनच टाच सुरेख आली.

गोल कामात उलट ओळच नसते. प्रत्येक फेरीत आधीच्या सुलट फेरीचे सरळ बसलेले टाके समोर येतात, हात मात्र सवयीने मागच्या पायात शिरतो. मग प्रत्येक फेरीतला प्रत्येक टाका पिळणारच. पिळलेले टाके आडवे कमी ताणले जातात आणि सगळे एकाच दिशेने पिळले की कापड कलते. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणा एकाच कारणाच्या आहेत.

खात्री करून घ्यायची असेल तर दोन जुन्या गोष्टी तपासा. एक, ज्या पट्टीत दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलटच असतात, ती तुमच्या हातून इतरांपेक्षा कडक येते का? येत असावी, कारण तिथेही उलट ओळ नाही. दुसरे, पानांची जाळी विणताना दोन टाके एकत्र घेतल्यावर चित्रात ते उजवीकडे झुकलेले आणि तुमच्या कामात डावीकडे झुकलेले दिसतात का? मागच्या पायांतून दोन टाके एकत्र विणले की ते डावीकडेच झुकतात.

यावर उपाय दोन आहेत. उलट टाक्याची लोकर वरून फिरवायला शिकणे आणि सगळीकडे पुढच्या पायातून विणणे हा एक. तो पुस्तकी आहे, आणि तीस वर्षांचा हात मोडायला सांगणारा असल्यामुळे मला तो फारसा पसंत नाही. दुसरा उपाय असा की हात तसाच ठेवावा आणि टाका घेण्यापूर्वी त्याचा टोकाजवळचा पाय कुठे आहे तेवढे पाहावे. पाय पुढे असेल तर पुढून, मागे असेल तर मागून. दोन सुलट दोन उलट या पट्टीत मात्र थोडे सांभाळावे लागेल, कारण तुमच्या रीतीने घेतलेला उलट टाका पुढच्या फेरीत उलटा बसलेलाच मिळेल, आणि तो उलट विणतानाही सुई मागच्या पायातून घालावी लागेल. ते हाताला अवघड जाते. म्हणून तेवढ्या पट्टीपुरती लोकर वरून फिरवून पाहा, १५ फेऱ्यांचाच प्रश्न आहे.

आणखी एक. गोल कामाचा नमुना सपाट विणून मोजू नये. गोल सुईवर तीसेक टाके घालून एक सुलट ओळ विणावी, काम न फिरवता टाके दोरीवरून दुसऱ्या टोकाला सरकवावेत, लोकर मागून सैल सोडून पुन्हा सुलट विणावे. मागे धाग्यांचे झुलते फास दिसतात, पण माप खरे मिळते.

प्रश्नकर्ती

आपले उत्तर वाचून काल रात्री दिव्याखाली बसले आणि स्वतःचाच हात प्रथमच नीट पाहिला. लोकर मी खालूनच उचलते. कपाटातल्या एका जुन्या शालीची सुलट-सुलट किनार ताणून पाहिली, तर तिथे प्रत्येक टाका पिळलेला निघाला. ती किनार "आमच्या घरची घट्ट वीण" म्हणून आम्ही मिरवत होतो. पानांच्या जाळीचेही तसेच आहे. पाने दुसरीकडे वळतात म्हणून मी नमुनाच चुकीचा छापला असे समजत आले.

मोजा उसवला. उसवलेली लोकर कुरळी झाली होती, तिची लडी करून पाण्यातून काढली आणि सावलीत टांगून वाळवली. आज पुन्हा ६४ टाके घातले. पहिल्या पाच फेऱ्यांना स्वेटरची एक बाही झाली असती इतका वेळ लागला, पण टाके उघडे आले आहेत आणि पट्टी पायावरून सहज जाते. नवा नमुना आपण सांगितल्याप्रमाणे विणला, त्यात १० सेंटीमीटरला ३१ टाके बसले.

आता पुढचे विचारून ठेवते. बोटांकडे दोन्ही बाजूंनी टाके कमी करत आणायचे आणि शेवटी उरलेले टाके शिवण न दिसता जोडायचे, हे कसे साधावे? नेहमीसारखे टाके बंद केले तर बोटांवर कड येते.

उत्तर ३ (मिरज)

टाके कमी करण्याचे प्रथम. तळव्याकडचे ३२ आणि वरचे ३२ असे दोन भाग धरा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक सुलट, मग डावीकडे झुकणारी जोडी. शेवटी उजवीकडे झुकणारी जोडी आणि एक सुलट. आता तुमचे टाके सरळ बसलेले असल्यामुळे पुढच्या पायांतून दोन एकत्र विणले की जोडी उजवीकडे झुकेल. डावीकडच्या जोडीसाठी दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे उजव्या सुईवर उतरवा, तसेच डाव्या सुईवर परत घ्या आणि मागच्या पायांतून एकत्र विणा. म्हणजे इथे तुमच्या आईचीच रीत कामी येते. एक फेरी कमी करण्याची, एक साधी, असे करत दोन्ही भागांत सोळा-सोळा टाके राहिले की थांबा. मुलीची बोटे निमुळती असतील तर आणखी चार-चार कमी करा.

जोडणीसाठी जी शिवण वापरतात तिला लॉर्ड किचनर यांचे नाव चिकटले आहे. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानातील फौजेचे सरसेनापती होते, तेच हे. नाव लष्करी असले तरी काम नाजूक आहे. मोज्याच्या रुंदीच्या चौपट लोकर राखून तोडा आणि बोथट टोकाच्या दाभणात ओवा. दोन्ही सुया समांतर धरा, लोकर मागच्या सुईच्या उजव्या टोकाकडून येऊ द्या. सुरुवातीला पुढच्या सुईच्या पहिल्या टाक्यातून उलटसारखे आणि मागच्या सुईच्या पहिल्या टाक्यातून सुलटसारखे दाभण नेऊन टाके सुयांवरच ठेवा. मग पुढच्या सुईवर पहिल्या टाक्यातून सुलटसारखे नेऊन तो उतरवा, पुढल्यातून उलटसारखे नेऊन तो ठेवा. मागच्या सुईवर पहिल्यातून उलटसारखे नेऊन उतरवा, पुढल्यातून सुलटसारखे नेऊन ठेवा. हे चार हात मनात म्हणत राहावे. मध्ये कोणी चहा विचारला तर उत्तर देऊ नये, मी दोनदा त्यातच चुकले आहे.

धागा करकचून ओढू नका. चार-पाच टाके झाले की दाभणाच्या टोकाने प्रत्येक फास शेजारच्या टाक्याइतका सारखा करत या, म्हणजे ही शिवण नुसती विणलेल्या फेरीसारखी दिसते. लोकर निवडताना साध्या लोकरीबरोबर थोडे नायलॉन असलेली घ्या, टाच आणि बोटे लवकर झिजत नाहीत. माण-खटावच्या मेंढीची लोकर घोंगड्याला उत्तम, पायाला टोचते. शेवटचा टाका उतरला की उरलेला धागा आतल्या बाजूला घेऊन सात-आठ टाक्यांच्या पाठीतून तिरका फिरवा आणि तोडा. गाठ मारू नका, बुटात ती नेमकी करंगळीवर येते.