मदत हवी आहे: सत्ता बदलली की जुन्या दिवाणी कायद्याचं काय होतं?

नमस्कार मंडळी, जिंकलेल्या प्रदेशावर स्वतःचा दिवाणी कायदा लादण्याबद्दल अभ्यास करतोय आणि एका जागी अडकलोय.

१९०७ च्या हेग नियमावलीचं (युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) कलम ४३ सांगतं, की अगदीच अशक्य नसेल तर ताबा घेणाऱ्याने तिथले चालू कायदे पाळावेत. म्हणजे ताबा म्हणजे मालकी नव्हे. इस्रायलने डिसेंबर १९८१ मध्ये सीरियाकडून जिंकलेल्या गोलान टेकड्यांवर आपला कायदा लागू केला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ करून तो रद्दबातल ठरवला. इथवर समजतं.

पण फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या अल्सास-लॉरेन प्रदेशाने डोकं चक्रावतं. १८७१ मध्ये तो तहाने जर्मनीकडे गेला, तरी तिथे फ्रेंच नागरी संहिताच (म्हणजे एकत्र मांडलेला दिवाणी कायदा) चालू राहिली. १ जानेवारी १९०० ला जर्मन नागरी संहिता आली. १९१८ नंतर फ्रान्स परतला, फ्रेंच दिवाणी कायदा पुन्हा आणला, पण जमिनीची जर्मन पद्धतीची नोंदवही तशीच ठेवली. आजही तिथे संस्था नोंदवायला सात सभासद लागतात, उरलेल्या फ्रान्समध्ये दोन पुरतात!

मला खरी काळजी आहे ती सामान्य माणसाची. एकाच घरात आजोबांचं लग्न एका संहितेखाली आणि नातवाचं दुसऱ्या, मग वाटणी कोणत्या कायद्याने? जुनी गहाणखतं, मृत्युपत्रं नव्या न्यायालयात कशी टिकायची? जुन्या कायद्यातून नव्यात जातानाच्या, म्हणजे संक्रमणाच्या तरतुदी नेमक्या कशा लिहिल्या जात, हे कुणी वाचलंय का? कायद्याच्या इतिहासावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, मराठीत काही वाचण्यासारखं असेल तर तेही सुचवा.