23 गायी, एक वळू, आणि सगळ्याच उलटताहेत. काय करू?

साक्रीचा गायवाला
राम राम मंडळी. माझ्याकडे तापी खिल्लारच्या 23 गायी. दूध घरापुरतं, खरा पैसा गोऱ्ह्यांचा, जोडी तयार करून विकतो. वळू घरचाच, सात वर्षांचा, बाराही महिने कळपात मोकळा.

दरवर्षी 16-17 वासरं होतात. यंदा सहा, आणि तीही सगळी मृगाच्या आधी. त्यानंतर एकही गाय व्यायली नाही. परवा वसुबारसेला पूजेसाठी पाडसाची गाय शोधायला शेजाऱ्याच्या गोठ्यात जावं लागलं, घरातून काय ऐकून घेतलं ते विचारू नका.

गायी वेळेवर माजावर येतात, सोट (माजाचा चिकट स्राव) काचेसारखी स्वच्छ, वळू उडतो, आणि परत माज, म्हणजे उलटतात. खनिज मिश्रण झालं, दोघींचं गर्भाशय धुऊन झालं, मोड आलेले हरभरेही चारून झाले. गायी विकून जर्सी घे, हा सल्ला कृपया देऊ नका.

केळीवाला, यावल
दादा, नुसत्या दादर ज्वारीच्या कडब्यावर गाय गाभण राहत नाही. पेंड वाढवा. आमच्याकडे 45 अंशात गायी मुका माज करतात, पहाटे आणि रात्री बारकाईने बघावं लागतं.

साक्रीचा गायवाला
मुका कुठला भाऊ, माज तर अख्ख्या गावाला ऐकू जातो. आणि पोट-पाठ भरलेली आहे गायींची.

आप्पा, शिंदखेडा
गायस्ले काय दखस भाऊ, गोऱ्हाले दख.

पशुवैद्य ताई, चोपडा
आप्पांनी एका ओळीत सांगितलं: गायी नको, वळू बघा. दादा, किती दिवसांनी उलटतात त्या तारखा आहेत का?

साक्रीचा गायवाला
मंडळी कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करते. आत्ता बघितलं. लाली 21, ढवळी 20, कपिला 22, परत लाली 21. बहुतेक अशाच.

पशुवैद्य ताई, चोपडा
मग गर्भ धरतच नाहीये. धरून मेला असता तर गाय उशिरा, तीस-चाळीस दिवसांनी, वेडीवाकडी उलटली असती. तेव्हा वळूमार्फत पसरणाऱ्या रोगाचा संशय आधी घेतला असता. एखादी गाय 21 ला उलटली तर दोष तिचा असेल. वीस गायी उलटल्या तर त्या सगळ्यांमध्ये सामाईक असतो तो वळू.

आता एक हिशेब करा. गाय साधारण 280 दिवस गाभण असते. मृगापासून तेवढे दिवस मागे जा. त्या सुमारास वळूला काय झालं होतं?

साक्रीचा गायवाला
ताई, अंगावर काटा आला. पोळा! गेल्या पोळ्याला तो लम्पीच्या तापाने फणफणला होता. अंगभर गाठी, पाय सुजलेले, शिंगं रंगवली नाहीत त्याची. बरा झाला, पुन्हा उडायला लागला, म्हणून आम्ही विसरलो.

पशुवैद्य ताई, चोपडा
उडणं वेगळं, बीज वेगळं. तापाने बीज मरतं. नवं तयार व्हायला दोनेक महिने लागतात, पुष्कळ वळू मग सावरतात. वर्षानंतरही नाही म्हणजे वृषणालाच इजा असावी. परदेशात मांसासाठी गायींचे कळप पाळणारे लोक वळू कळपात सोडण्याआधी दरवर्षी तपासतात, वृषणाचा घेर टेपने मोजतात, आणि वळू दोन-तीन महिनेच आत ठेवतात. तिथे रिकामी गाय म्हणजे सरळ तोटा. आपण मात्र गायींना हरभरे चारतो.

डॉक्टरांकडून हात लावून बघून घ्या, ब्रुसेलोसिससाठी (गायी गाभडवणारा रोग) रक्तही द्या. तोवर त्याला वेगळा बांधा, आणि कोणाचा वळू उसना आणू नका.

साक्रीचा गायवाला
आज डॉक्टर आले. वृषणाची उजवी बाजू कच्च्या सुपारीसारखी कडक आणि आखडलेली, डावी पिलपिली. मी स्वतः हात लावून बघितलं. रोज खरारा करतो त्याला, कधी लक्षात आलं नाही. रक्त घेतलंय. कपिला सकाळी माजावर आली होती, तिला संध्याकाळी कृत्रिम रेतन केलं, खिल्लारच्याच बीजाचं.

वळूला गिऱ्हाईक नाही, आणि मला विकायचाही नाही. आता गाडीला सवय लागते का बघतो. सकाळपासून वेगळा बांधलाय, कळप रानात गेला तेव्हा दावं तोडायला निघाला होता.

आप्पा, शिंदखेडा
दोन दिवस वरडी भाऊ, मंग ऱ्हाई. कपिलानं 21 दिननं सांगजो.