अमेरिकेतील ग्रामीण काउंटीची बससेवा: खर्चाचा मेळ कसा घालावा?

प्रश्न: अमेरिकेत ग्रामीण काउंटीला बससेवा सुरू करायची झाल्यास संघीय कायद्याच्या कलम ५३११ खालील, म्हणजे ग्रामीण सार्वजनिक वाहतुकीसाठीच्या, अनुदानाने किती भार हलका होतो?

उत्तर १: बसखरेदीसारख्या भांडवली खर्चाच्या साधारणतः ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, मात्र भाड्याचे उत्पन्न वजा जाता उरणाऱ्या चालनखर्चाला ५० टक्क्यांचीच मर्यादा आहे, आणि खरी मेख तिथेच आहे, कारण चालकाचा पगार आणि इंधन यांचा खर्च कधीच थांबत नाही.

उत्तर २: उरलेला वाटा काउंटीच्याच तिजोरीतून यावा असे नाही, समाजसेवा संस्थांशी ज्येष्ठांच्या वाहतुकीसाठी केलेल्या कराराचे उत्पन्नही त्यात धरता येते.

उत्तर ३: आखणीवरही बरेच अवलंबून आहे. ठरावीक मार्गाच्या बससोबत अपंगांसाठी पूरक सेवा (ती बस वापरू न शकणाऱ्यांसाठी वेगळी वाहनसेवा) बंधनकारक असते. मागणीनुसार कोणाही प्रवाशासाठी ठरलेला मार्ग सोडून वाट वाकडी करणाऱ्या बसला ती अट नाही. वेळापत्रकात त्या वळणांसाठी मोकळी मिनिटे मात्र ठेवावीत, अन्यथा दवाखान्याची वेळ चुकलेला प्रवासी पुन्हा फिरकणार नाही.